कोणतं हार्मोन, ते आधी विचारा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून ४१ वर्षांच्या ताईंचं पत्र आलं आहे. घरची चार एकर कोरडवाहू शेती, शिवाय हंगामात मजुरी. दोन मुलं. धाकट्याच्या वेळी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, त्याला १४ वर्षं झाली. गेल्या वर्षभरात पाळीचा नेम राहिलेला नाही. कधी वीस दिवसांत येते, कधी दोन-दोन महिने येत नाही, आणि आली की आठ-नऊ दिवस गाठींसकट अंगावरून जातं. वजन सहा किलोंनी वाढलं, केस गळतात, रात्री घाम फुटून जाग येते, आणि ‘निंदताना खाली बसली का उठूच वाटत नाही’. बचत गटातल्या मैत्रिणीने ‘तुझे हार्मोन बिघडले’ म्हणून एक हार्मोन बॅलन्सची पावडर दिली, महिन्याला १,८०० रुपयांची. दोन महिने झाले, फरक नाही. तालुक्याला सोनोग्राफी केली तेव्हा सांगण्यात आलं की गर्भपिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. जावेने तीन वर्षांपूर्वी काढलीच आहे. घरच्यांचं म्हणणं, कापूस विकला की करून टाकू. ताई विचारतात, ‘पावडर चालू ठेवू का पिशवी काढू? ऑपरेशन झालं तेव्हापासून पिशवीचं काम तं संपलंच आहे न? अन् मी एवढी चिडकी कशी झाली, सिस्टर? परवा लेकरावर हात उगारला.’

ताई,

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण ती लिहिताना तुम्हाला सगळ्यात जड गेलं असणार. वर्षभर दर पाळीत आठ-नऊ दिवस रक्त जातंय, रात्रीची झोप मोडतेय, पहाटे पाचला उठून पाणी, गुरं, डबे, मग वावर, आणि संध्याकाळी पुन्हा चूल. अशा वेळी माणसाचा तोल जातो. तुमचं मन राखायला हे सांगत नाही. अठ्ठावीस वर्षं उपकेंद्रात नर्सबाई म्हणून काढली, दारोदार फिरले, तिथे पाहिलेलं सांगते. लेकराला जवळ घ्या आणि म्हणा, ‘मायची तब्येत बरी नाही म्हणून चिडली, तुझी चूक नव्हती.’ चौदा वर्षांच्या पोराला ते नीट कळतं.

आता पावडर की पिशवी. हे दोन्ही उपाय ज्या दुखण्यावर सांगितले गेले, त्या दुखण्याचं नाव अजून कोणी शोधलेलंच नाही. तुमच्या पत्रात सोनोग्राफी आहे, पण रक्ताच्या एकाही तपासणीचा उल्लेख नाही. ना एचबी म्हणजे हिमोग्लोबिन, ना थायरॉइड. पावडरीत ३,६०० रुपये गेले आणि बोटातून एक थेंब रक्त काढायचं राहून गेलं.

‘हार्मोन बिघडले’ हे वाक्य हल्ली आपल्याकडे हळदीकुंकवापासून एसटी स्टँडपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते ऐकलं की मी एकच विचारते, ‘कोणतं?’ हार्मोन म्हणजे अंगातल्या ग्रंथींनी रक्तातून धाडलेले निरोप. शाळेच्या पुस्तकात त्यांना संप्रेरकं म्हणतात. गळ्यातली थायरॉइड वेगळा निरोप पाठवते, स्वादुपिंडातून इन्सुलिन येतं, पिशवीच्या दोन्ही बाजूंच्या बीजकोशांतून पाळीची हार्मोनं येतात. प्रत्येकाचं काम वेगळं, तपासणी वेगळी, बिघडलं तर उपचारही वेगळा. नांगर, डवरा आणि फवारणीचा पंप, तिन्हीला एकच पाना चालतो असं कोणी सांगितलं तर तुमच्या घरी कोणाला पटेल का? तसंच हे.

त्यात ‘बॅलन्स’ या शब्दाने घोळ वाढवला आहे. तो ऐकला की तराजू डोळ्यांपुढे येतो, दोन्ही पारडी बरोबरीत आणि स्थिर. पाळीची हार्मोनं तशी कधीच स्थिर नसतात, नसावीत. पाळी आल्यावर इस्ट्रोजन हळूहळू चढतं आणि पिशवीच्या आतलं अस्तर जाड होतं. महिन्याच्या मध्याला बीज सुटतं, त्यानंतर प्रोजेस्टेरॉन येतं आणि ते अस्तर धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही की दोन्ही उतरतात, अस्तर सुटतं आणि पाळी येते. २१ ते ३५ दिवसांत हा फेरा पुरा होत असेल तर तो नेहमीचाच समजायचा. शेजारणीची अठ्ठाविसाव्या दिवशी येते आणि तुमची बत्तिसाव्या, म्हणून कोणाचं काही बिघडलेलं नसतं.

चाळिशी ओलांडली की काही महिने बीज सुटतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन येत नाही, अस्तर धरून ठेवणारं कोणी नाही, ते नुसतं वाढत राहतं. पाळी लांबते. आणि एक दिवस ते सगळं साचलेलं एकदम सुटायला लागतं, गाठी पडतात, नऊ-नऊ दिवस थांबत नाही. तुमच्या दोन महिन्यांच्या खंडानंतर जे होतं, ते असं असू शकतं. रात्रीचा घामही याच वयाचा असू शकतो. आपल्या देशात पाळी जाण्याचं वय सरासरी ४६-४७ च्या आसपास आहे आणि त्याआधी काही वर्षं हा गोंधळ चालतो. मी ‘असू शकतं’ म्हणते आहे, कारण पत्रावरून निदान होत नाही आणि मी डॉक्टरही नाही. पण एक सांगते, दोन महिने पाळी आली नाही तेव्हा गरोदरपणाची तपासणी झाली नसेल तर पुढच्या वेळी नक्की करा. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतरही क्वचित दिवस जातात.

त्या शस्त्रक्रियेबद्दल तुमच्या मनात जे आहे ते बहुतेक गावांत ऐकलं आहे. ‘नसबंदी झाली, आता पिशवीचं काम संपलं.’ त्या शस्त्रक्रियेत फक्त नळ्या बांधतात किंवा कापतात. बीजकोशांना हात लावत नाहीत, त्यामुळे हार्मोनं तशीच येत राहतात आणि पाळीही तशीच चालते. आजचा तुमचा त्रास चौदा वर्षांपूर्वीच्या टाक्यांमुळे नाही.

थायरॉइडचं जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या उपकेंद्रातली एक बाई मला आजही आठवते. मार्च संपत आलेला, उन्ह मी म्हणतंय, आणि ही बाई भर दुपारी स्वेटर घालून आली. आवाज घोगरा, डोळ्यांखाली सूज, टाचांना एवढ्या भेगा की चालताना वाकडं पाऊल टाकायची. तिलाही पाळीत फार जायचं, लुगड्याच्या घड्या बदलून बदलून वैतागली होती. तिच्याही घरी पिशवी काढायचं ठरलं होतं, मुलीच्या लग्नानंतर. मी वजन घेतलं, एचबी केलं, आणि स्वेटरवर बोट ठेवून विचारलं, ‘बाई, तुला थंडी वाजून राहिली का?’ ती म्हणाली, ‘घरचे हसतात म्हणून सांगत नाही.’ तिला थायरॉइडच्या तपासणीला पाठवलं. टीएसएच खूप वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली, आणि चार-पाच महिन्यांत पाळी तिची तीच सुधारली. पिशवी शाबूत आहे.

टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड जास्त काम करते आहे, असा उलटा समज होतो. टीएसएच मेंदूखालच्या ग्रंथीतून येतं, ते थायरॉइडला ‘काम कर’ सांगणारं हार्मोन आहे. मजूर काम करेनात तसा मुकादमाचा आवाज चढतो, तसं थायरॉइड सुस्तावली की टीएसएच चढतं. तुमचा थकवा, वाढलेलं वजन, गळणारे केस आणि पाळीतला जास्तीचा स्राव, चारही त्यात बसतात. गोळी लागलीच तर ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची. चहा अर्ध्या-एक तासाने. आपल्याकडे चूल पेटली की आधी चहाचं आधण चढतं, म्हणून गोळीची पट्टी दात घासायच्या जागी ठेवा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून किमान चार तास लांब, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

दुसरी तपासणी एचबीची. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं की रक्त कमी आहे असं धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त बाया! आपण थकव्याला इतक्या सरावलो आहोत की तो आजार वाटतच नाही. एवढं रक्त जात असताना तुमचं एचबी चांगलं निघालं तर मला आश्चर्य वाटेल. निंदताना उठूच वाटत नाही, जीव घाबरा होतो, चिडचिड होते, यातलं बरंच ओझं एकट्या रक्तक्षयाचं असू शकतं, आणि तो बरा होतो. लोहाची गोळी जेवणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्या, चहासोबत नको. शी काळी होते, त्याला घाबरू नका. एचबी वाढलं तरी डॉक्टर सांगतील तेवढे महिने चालू ठेवा, कारण अंगातला साठा भरायला वेळ लागतो.

आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून लेकरांत येणारा रक्ताचा आजार. गोळ्या घेऊनही एचबी चढत नसेल, सांधे-हाडं दुखत असतील, घरात कोणाला सिकलसेल असेल, तर ती तपासणी मागून घ्या. १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांच्या तपासणीवर भर आहे. तुमचं वय ४१ म्हणून मागे फिरू नका, आणि दोन्ही मुलांची तर करूनच घ्या. त्यांच्या लग्नाच्या वेळी तो कागद कामाचा आहे.

आता पिशवी. इथे मी घाई करणार नाही, तुम्हीही करू नका.

‘पिशवीला सूज’ हे शब्द ऐकले की बाई अर्धी खचते. सोनोग्राफीच्या कागदावर पिशवी आकाराने मोठी आहे एवढंच लिहिलेलं असतं, आणि दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असू शकते. कधी भिंतीत किंवा आत मांसाच्या गाठी असतात, त्यांना फायब्रॉइड म्हणतात. त्या बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात. तेव्हा कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे बसा आणि विचारा, गाठ आहे का, केवढी, अस्तराची जाडी किती. कॅन्सरची भीती घातली असेल तर मग कॅन्सर तपासा. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी तिशीनंतर सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि चाळिशीनंतर असा अनियमित स्राव असेल तर आतल्या अस्तराचा नमुना घेऊन तपासायला पाठवतात. तपासल्याशिवाय भीतीपोटी अवयव काढणं मला पटत नाही.

रक्तस्राव कमी करायलाही बरेच मार्ग आहेत. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या आहेत, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आहेत, हार्मोन असलेली तांबीसारखी वस्तू पिशवीत बसवतात, तिने काही वर्षं स्राव खूप कमी राहतो. यातलं तुम्हाला काय चालेल ते तुमची रक्तदाबाची, साखरेची, गाठींची माहिती घेऊन डॉक्टर ठरवतील. हे करूनही थांबलं नाही, गाठी फार मोठ्या निघाल्या, किंवा नमुन्यात वाईट काही आढळलं, तर पिशवी काढणं हाच योग्य उपचार असतो आणि तेव्हा मीच तुम्हाला ‘घाबरू नका, करून घ्या’ म्हणेन. जावेचं कारण काय होतं ते आपल्याला माहीत नाही, तेव्हा तिचा निर्णय चुकला असंही मी म्हणत नाही.

पण एक लक्षात ठेवा. पिशवीसोबत बीजकोशही काढले तर इस्ट्रोजन एकदम बंद होतं. घामाचे लोंढे, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका वाढणं, हे चाळिशीतच सुरू होतं. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याच्या वयाची लक्षणं काहींना लवकर येतात. म्हणजे हार्मोन बिघडले म्हणून पिशवी काढायला निघालेली बाई हार्मोनांचा आणखी मोठा त्रास घेऊन घरी यायची. ‘बीजकोश ठेवणार का?’ हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी, कागदावर सही करण्याच्या आधी विचारायचा.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. २०२२ मध्ये केंद्राने अनावश्यक शस्त्रक्रिया टाळायच्या सूचना काढल्या, एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करा असं राज्यांना सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं म्हणजे पहिल्यांवर अविश्वास, असं मानू नका. तो तुमचा हक्क आहे. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुमच्या जिल्ह्यातच आहे, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालयही फार लांब नाही.

हे सगळं इतकं उशिरा का होतं, त्याचं उत्तर आपल्याच विदर्भातून मिळालेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगापैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. पदरामागे झाकून ठेवलेलं दुखणं एवढं होतं. तुम्ही पत्र लिहिलंत, तालुक्याला गेलात, म्हणजे तुम्ही त्या पदराबाहेर आलात. आता अर्ध्यावर थांबू नका.

पावडर आजच बंद करा, पण पाकीट फेकू नका. त्यावर काय काय घातलं आहे ते लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांना दाखवणं आणखीच गरजेचं. अशा निनावी मिश्रणांत कधी स्टेरॉइडसारखं काहीही निघू शकतं. मैत्रिणीशी भांडू नका. तिनेही कोणाच्या तरी बोलण्यावर विश्वास ठेवूनच विकायला घेतली असेल, आणि पुढच्या महिन्यात गटाच्या बैठकीला तुम्हाला तिच्याच शेजारी बसायचं आहे. ‘डॉक्टरांनी सध्या बंद ठेवायला सांगितलं’ एवढं पुरे. जमलं तर तिलाही सोबत न्या, तिचंही एचबी होईल.

खाण्याचं विचारलं नाहीत, तरी सांगते. जवसाची चटणी हार्मोन नीट करते असं मोबाइलवर फिरतं. चटणी चांगलीच आहे, मीही रोज खाते, पण ती थायरॉइडची गोळी नाही. ज्वारीची भाकर, वरण, तीळ, अंबाडीची नाहीतर पावसाळ्यात तरोट्याची भाजी, फुटाणे, अंडी चालत असतील तर अंडी. आणि ताटात ते तुमच्यासाठी उरलं पाहिजे. सगळ्यांचं झाल्यावर खरवडून खायची सवय असेल तर ती आधी मोडा.

दुधाचा हिशेब लिहिता त्याच कॅलेंडरवर पाळी आली त्या तारखेला गोल करा, थांबली तिथे फुली. ज्या दिवशी फार गेलं त्या दिवशी दोन रेघा. दहाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून मोठी गाठ पडली तर ‘ग’. तीन महिन्यांची ती पानं डॉक्टरांपुढे ठेवलीत की ‘खूप जाते’ या दोन शब्दांपेक्षा त्यांना पुष्कळ जास्त कळेल. मात्र तीन महिने भरायची वाट पाहत तपासणी लांबवू नका.

घरचे म्हणतात कापूस विकल्यावर. शस्त्रक्रियेचा विचार खुशाल तेव्हा करा. पण रक्त तपासायला एका दिवसाची मजुरी मोडते, तेवढी मोडा. उद्या उपकेंद्रात जाऊन वजन, बीपी, शुगर आणि एचबी करून घ्या, आशाताईंना सोबत घ्या. टीएसएचसाठी ग्रामीण रुग्णालयात विचारा. यजमानांना नुसतं ‘चला’ म्हणू नका, आत डॉक्टरांसमोर बसवा. तुमच्या अंगातून किती रक्त जातंय हे त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की घरातली पुढची बोलणी सोपी होतात, हे मी अनेकदा पाहिलं.

आणि यातलं काही होण्याआधीच एखाद्या दिवशी तासाला एक पॅड भिजायला लागलं, चक्कर आली, दम लागला, छाती धडधडायला लागली, तर वेचणी असो की घरी पाहुणे, त्याच वेळी १०८ ला फोन करायचा. हे घरात सगळ्यांना, धाकट्यालाही, सांगून ठेवा. पाळी पूर्ण वर्षभर बंद राहून पुन्हा रक्ताचा डाग दिसला, तर तो थेंबभर असला तरी दाखवायचा. हे तुमच्या सासूबाईंनाही सांगा, या वयाच्या बाया ते लपवतात.

एचबी आणि टीएसएचचे आकडे हाती आले की मला कळवा. सोनोग्राफीच्या कागदाचा फोटोही पाठवा, नाव झाकून. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आपण दोघी मिळून लिहून काढू.